पुड्यावर किंमत आहे, भाव कुठे आहे?

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि
मा. नियंत्रक, वैधमापन शास्त्र यंत्रणा, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पॅकबंद वस्तूंवर किलोचा भाव ठळक अक्षरांत छापण्याबाबत आणि रोजच्या वस्तूंची ठरावीक वजने पुन्हा लागू करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या खणभागात राहते. एका पतसंस्थेत एकतीस वर्षे लेखनिक म्हणून काम केले आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या महिला बचत गटाचे हिशेब मी सांभाळते. गटात बावीस जणी आहेत. कोणी बेदाणा निवडायला जाते, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी घरीच शिलाई मारते आणि दोघी मिळून भडंग करून विकतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांच्या याद्या एकत्र करून गणपती पेठेतून घाऊक किराणा आणतो. तरीही वीस-बावीस तारखेला तेल संपते, चहापूड संपते, साबण संपतो आणि मग प्रत्येक जण आपल्या गल्लीतल्या दुकानातून लागेल तेवढे लहान पाकीट आणते. ही वरची खरेदी किती होते आणि ती कशी पडते हे पाहावे म्हणून दीड वर्षापूर्वी मी एक वेगळी वही घातली. प्रत्येकीने रिकामे पाकीट फेकून न देता माझ्याकडे आणून द्यायचे आणि मी त्यावरचे वजन व किंमत वहीत उतरवायची, असे ठरले. हे पत्र त्या वहीतून निघाले आहे.

आमच्याकडे किंमत आणि भाव हे दोन वेगळे शब्द आहेत. हातातल्या वस्तूचे द्यावे लागतात ते पैसे म्हणजे किंमत, आणि ठरलेल्या मापाला पडतो तो भाव. भाजीवालीसमोर उभी राहिलेली बाई आधी भाव विचारते, मग घ्यायचे किती ते सांगते. सांगलीसारख्या बाजारपेठेच्या गावात तर भावाशिवाय पान हलत नाही. आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात तेव्हा पोते कितीचे हे कोणी विचारत नाही, क्विंटलचा भाव पुकारला जातो. तो अडत्याला ऐकू जातो, खरेदीदाराला ऐकू जातो आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही ऐकू जातो. बेदाण्याचेही तसेच, गुळाचेही तसेच. पण तीच हळद दळून, पाकिटात भरून दुकानाच्या फळीवर आली की तिचा भाव नाहीसा होतो आणि फक्त किंमत उरते. जी बाई दिवसभर शेडमध्ये बसून बेदाणा निवडते आणि जिच्या हातचा माल ग्रॅमपर्यंत तोलला जातो, तिला संध्याकाळी दुकानात आपण काय भावाने तेल घेतो आहोत हे सांगणारे कोणी नसते.

मागच्या उन्हाळ्यातला एक प्रसंग सांगते. मी दुकानात उभी असताना आमच्या गटातली एक ताई कामावरून परतताना आत आली. तिच्या हातात त्या दिवसाची मजुरी होती आणि घरी तेल संपलेले होते. दुकानदाराने दोन पिशव्या काउंटरवर ठेवल्या. दोन्ही सारख्याच उंचीच्या, दोन्हींवर सूर्यफुलाचे चित्र, एक १५० रुपयांची आणि दुसरी १३८ रुपयांची. ताईने १३८ ची उचलली. बारा रुपये वाचले म्हणून तिने पाच रुपयांचा बिस्किटपुडाही घेतला. मी पिशवी उलटी करून वजन वाचले, तर ते ८०० ग्रॅम होते आणि १५० वालीत ९१० ग्रॅम. तिने ती जागच्या जागी बदलून घेतली, पण मला तिच्या चेहऱ्यावर जे दिसले ते अजून विसरता येत नाही. तिला फसवल्याचा राग आला नव्हता, तिला आपल्याला कळले नाही याची लाज वाटली होती. तिची काही चूक नव्हती. दुकानदाराचीही नव्हती आणि, आपल्या नियमांप्रमाणे पाहिले तर, तेल भरणाऱ्याचीही नव्हती. म्हणूनच हे पत्र मी दुकानदाराला किंवा कंपनीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत ही वेळ सहसा येत नसे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ या पॅकबंद मालाच्या वजनमापाच्या नियमांना ‘दुसरी अनुसूची’ नावाची यादी जोडलेली होती आणि चहा, कॉफी, बिस्किटे, खाद्यतेल, पीठ, मीठ, साबण, धुण्याची पावडर, दूध पावडर अशा रोजच्या वस्तू कोणकोणत्या वजनांतच विकता येतील हे तीत ठरवून दिले होते. पाव किलो म्हणजे पाव किलो आणि अर्धा लिटर म्हणजे अर्धा लिटर. दोन कंपन्यांची पाकिटे शेजारी ठेवली की वजन सारखे असल्यामुळे किंमत हाच भाव असे आणि ज्या बाईला फक्त आकडे ओळखता येतात तिलाही निवड करता येत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या विभागाने अधिसूचना काढून ही अनुसूची रद्द केली आणि तिच्या जागी ‘एकक विक्री किंमत’ छापण्याचे बंधन घातले. वजन कितीही ठेवा, पण एका ग्रॅमला, एका किलोला, एका मिलिलिटरला किंवा एका लिटरला काय पडते ते छापा, असा त्याचा अर्थ. हेतू चांगला होता. मी ती तरतूद पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण भाव परत येणार असे मला वाटले.

तो कसा आला ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिसले. एका रविवारी गटातल्या सात-आठ जणी माझ्याकडे जमल्या होत्या आणि आम्ही तेलाच्या चार रिकाम्या पिशव्या मांडल्या. पहिली ९१० ग्रॅमची, १५० रुपये. दुसरी ८७० ग्रॅमची, १४५ रुपये. तिसरी ८०० ग्रॅमची, १३८ रुपये. चौथीवर वजन बारीक अक्षरांत होते आणि ७५० मिलिलिटर हे माप ठळक होते, किंमत १२८ रुपये. एकीच्या नववीतल्या मुलीला आम्ही एकक किंमत वाचायला बसवले. पिशवीच्या शिवणीजवळ, ठिपक्यांच्या काळ्या शाईत, तारखेच्या आणि बॅच क्रमांकाच्या खाली ती होती. मुलीने ती उजेडाकडे धरून वाचली. पहिलीवर ग्रॅमला ०.१६ रुपये. दुसरीवर ०.१७. तिसरीवर ०.१७. चौथीवर मिलिलिटरला ०.१७.

मग आम्ही वहीवर खरा भागाकार केला. पहिली पिशवी किलोला १६५ रुपये पडत होती. दुसरी १६७. तिसरी १७२ रुपये ५० पैसे. चौथीतल्या ७५० मिलिलिटरचे वजन साधारण ६८२ ग्रॅम भरते, म्हणजे ती किलोला १८७ च्या पुढे जात होती. १६५ आणि १६७ या जवळजवळ सारख्या भावांत छापील आकड्याने फरक दाखवला आणि १६७ व १८७ या वीस रुपयांच्या अंतरात मात्र काहीच दाखवले नाही. ज्या आकड्याकडे पाहून निवड करायची तोच आकडा तिन्ही पिशव्यांना एक ठरवतो आहे. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घराला किलोमागे वीस रुपये म्हणजे महिन्याचे ऐंशी आणि वर्षाचे ९६० होतात. आमच्या गटातल्या काही घरांत तेवढ्यात दोन मुलांच्या वह्या आणि दप्तरे येतात.

याचे कारण नियमातच आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर भाव ग्रॅमला सांगायचा आणि तो रुपयाच्या दुसऱ्या दशांशापर्यंत पूर्णांकित करायचा, असा नियम आहे. ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये. याचा अर्थ छापील आकडा किलोमागे वर-खाली पाच रुपयांपर्यंत चुकू शकतो आणि दोन वस्तूंच्या भावातला जवळजवळ दहा रुपयांचा फरक त्यात सहज बुडून जातो. मिठाचे उदाहरण घ्या. अर्धा किलो मीठ १४ रुपयांना असेल तर भाव २८ रुपये किलो, पण पाकिटावर ग्रॅमला ०.०३ रुपये छापले जाईल, म्हणजे वाचणाऱ्याला तो ३० रुपये वाटेल. पतसंस्थेत असताना व्याजाच्या हिशेबात पैशाचा फरक आला तरी आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधत असू. इथे देशभरातल्या सगळ्या लहान पाकिटांवर फरक छापूनच येतो आहे आणि तो नियमाप्रमाणे बरोबर आहे.

लहान पुड्यांच्या बाबतीत हे आणखी जाचक होते. दहा रुपयांचा पुडा ७९ ग्रॅमचा असेल तर ग्रॅमला ०.१२७ रुपये पडतात आणि छापले जाते ०.१३. उद्या तोच पुडा ७५ ग्रॅमचा केला तर ०.१३३ पडतात आणि छापले जाते ०.१३. किलोमागे १२७ चे १३३ रुपये झाले तरी पुड्याची किंमत तीच राहिली, त्यावरचे चित्र तेच राहिले आणि ज्या आकड्याने ही वाढ उघड करायची तो आकडाही तोच राहिला. आमच्या वहीत एकाच बिस्किटपुड्याच्या वजनाच्या तीन नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद आधीच्यापेक्षा कमी आहे. ज्या घरात तो पुडा रोज येतो त्या घरातल्या एकीलाही ते माहीत नव्हते. एकजण एवढेच म्हणाली, “पूर्वी पोरांना तीन-तीन यायची, आता भांडण होतं.” तिला वाटत होते की मुले वाढली म्हणून पुरत नाहीत.

त्याहूनही लहान पाकिटांना, म्हणजे दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना, तंबाखूसारखे अपवाद सोडले तर या नियमांतून सूटच आहे. शाम्पूची पुडी, खोबरेल तेलाची पुडी, कॉफीची पुडी, यांच्या माळा आमच्या गल्लीतल्या दुकानाच्या दारावरच टांगलेल्या असतात आणि रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरांत बाटली कधी येतच नाही. ‘मोठे घ्यावे म्हणजे स्वस्त पडते’ हा सल्ला मी स्वतः वर्षानुवर्षे देत आले. वहीने तो खोटा ठरवला. शाम्पूच्या बाबतीत आमच्याकडच्या नोंदींत पुडीतला माल बाटलीतल्यापेक्षा मिलिलिटरला स्वस्त निघाला, धुण्याच्या पावडरीत उलटे निघाले आणि चहाच्या एका छापात तर पाव किलोपेक्षा अर्धा किलो किलोमागे महाग निघाला. म्हणजे भाव न पाहता चालेल असा कोणताही ठोकताळा बाईच्या हाती राहिलेला नाही. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला भावाची गरज सगळ्यांत जास्त आणि त्याच्याच पुडीवर तो सगळ्यांत कमी दिसतो.

आपला विभाग अशा गोष्टी ओळखत नाही असे मी म्हणणार नाही. खाद्यतेलाच्या पिशव्यांवर काही उत्पादक ‘६० अंश तापमानाला इतके मिलिलिटर’ असे छापत असत. तेल तापले की फुगते, त्यामुळे ६० अंशांना एक लिटर भरणारे सोयाबीन तेल वजनाला साधारण ८९२ ग्रॅम असते, तर २१ अंशांना एक लिटर भरणारे ९१९ ग्रॅम. आमच्या सांगलीत भर वैशाखातही पारा चाळीसच्या आसपास असतो. साठ अंशांचे तेल कोणत्याही स्वयंपाकघराच्या फळीवर नसते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपण उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून खरे वजन छापण्याची सूचना केली आणि जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. वीस-पंचवीस ग्रॅमसाठी विभाग इतका बारकाईने विचार करू शकतो हे पाहून मला त्या वेळी बरे वाटले होते, आणि म्हणूनच आता ग्रॅमच्या दशांशाकडेही तो पाहील अशी आशा वाटते.

वस्तू व सेवा कराच्या कपातीने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दहा रुपयांच्या पुड्यात आधी कर वगळून जी मूळ किंमत होती तिच्यावर ५ टक्के लावले तर तो पुडा आठ रुपये नव्वद पैशांना मिळायला हवा. नव्वद पैसे मोजायला नाणी राहिलेली नाहीत, म्हणून किंमत तीच ठेवून वजन वाढवू, असे अनेक उत्पादकांनी सांगितले, आणि ते समजण्यासारखे आहे. हिशेबाने ७५ ग्रॅमच्या पुड्यात सव्वाचौऱ्याऐंशी ग्रॅम यायला हवेत. पण ज्या बाईला आधीचे ७५ ग्रॅम कधी माहीतच नव्हते तिला आताचे ८० मिळाले की ८४, हे कसे कळणार? कपातीचा फायदा ग्राहकापर्यंत पोचला नाही तर तक्रार करण्याची जी खास तरतूद वस्तू व सेवा कर कायद्यात होती, तीही १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारींसाठी बंद झालेली आहे. आता तपासणारे उरलो ते आम्ही, आणि आमच्याकडे तपासण्याचे साधन एकच, पुड्यावरचा आकडा. त्या आकड्याची गत वर सांगितलीच आहे.

महागाई करूच नका, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या गटातल्या निम्म्या जणींची माहेरे सोयाबीन आणि ऊस पिकवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढले तेव्हा तेल महागले आणि आम्ही ते मुकाट्याने सोसले, कारण भावांच्या शेतातल्या सोयाबीनला त्याने दोन पैसे मिळतील अशी आशा होती. कच्चा माल वाढला, मजुरी वाढली, डिझेल वाढले की वस्तू वाढणार हे आम्हाला कळते. वाढलेली किंमत समोर दिसली की बाई त्याप्रमाणे आपला संसार बसवते, एक पिशवी कमी घेते, तळण बंद करते, सणाला करते. वजन कमी झाल्यावर मात्र तिला काहीच ठरवता येत नाही. महिना पंचविसाव्या दिवशी का संपतो हे तिला कळत नाही आणि दोष ती स्वतःच्या हाताला देते. आमच्या एका बैठकीत एक तरुण सून सांगत होती की सासू तिला ‘हात सैल आहे’ म्हणून बोलते. आम्ही तिची तीन महिन्यांची पाकिटे तपासली. ती आधीइतकीच पाकिटे आणत होती. तेल, चहा आणि पावडर मिळून घरात येणारा माल मात्र दीड किलोने घटला होता.

माझ्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत, गावभागात त्यांचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होते, त्यावर आपल्या यंत्रणेचा शिक्का बसतो, आणि तो बसला नसेल तर त्यांना दंड होतो. हे योग्यच आहे. सुट्टी तूरडाळ घ्यायला गेले की ते पाटीवर लिहिलेला किलोचा भाव दाखवतात, काटा माझ्याकडे वळवतात आणि आकडा स्थिर झाल्यावरच डाळ पिशवीत ओततात. परवा त्यांनीच मला विचारले की सुट्ट्या मालाला भावाची पाटी लागते, माझ्या काट्याला शिक्का लागतो, मग पाकिटाच्या मालाला एवढे बारीक अक्षर कसे चालते? मला उत्तर देता आले नाही. सुटे तेल भेसळीच्या धोक्यामुळे विकता येत नाही हे मला मान्य आहे, आणि पाकिटातला माल स्वच्छ असतो हेही मान्य आहे. पण स्वच्छतेसाठी पाकीट घेतले म्हणून भाव सोडून द्यावा लागू नये.

छापील आकडा ठळक असला की काय होते याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. १९९० पूर्वी पाकिटावर ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापता येत असे आणि मग दुकानदार सांगेल ते खरे. त्या वर्षी सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. आज अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा पाकीट उलटून किंमत पाहते आणि जास्त मागितले तर भांडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निम्मी सांगली पाण्यात असताना आमच्या भागात मेणबत्त्या, काड्यापेट्या आणि दूध पावडर छापील किमतीनेच मिळाली, कारण घेणाऱ्या प्रत्येकाला ती किंमत वाचता येत होती आणि रांगेतल्या मागच्या माणसालाही ती दिसत होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, २०१९ साली तो नव्याने आला. या सगळ्या प्रवासात जे टिकले ते सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसणारे होते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की पाकीट पन्नास ग्रॅमचे असो की पाच किलोचे, घन वस्तूंचा भाव नेहमी किलोलाच आणि पातळ वस्तूंचा लिटरलाच छापला जावा. तेलाला मात्र दोन्ही मापे चालू न ठेवता फक्त किलो ठेवावे, कारण वजन तापमानाने बदलत नाही. ‘०.१७ रुपये प्रति ग्रॅम’ हे आमच्यापैकी कोणाच्याही तोंडात बसत नाही. ‘१७२ रुपये ५० पैसे किलो’ हे प्रत्येकीला कळते, कारण तीच भाषा ती रोज भाजीवालीशी बोलते. हा भाव पाकिटाच्या दर्शनी बाजूला, वस्तूच्या नावाखाली, कमाल किरकोळ किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत आणि पुसली न जाणाऱ्या शाईत असावा. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर तो देवनागरीतही असावा. दहा ग्रॅमच्या आतल्या पुड्यांवर जागा नाही हे खरे, तर त्या ज्या माळेत किंवा डब्यात येतात त्यावर भाव लावता येईल.

दुसरे म्हणजे रद्द केलेल्या अनुसूचीचा पुन्हा विचार व्हावा. सगळ्या वस्तूंसाठी नको. नव्या प्रकारच्या मालाला मोकळीक हवी हे मी समजू शकते. पण खाद्यतेल, चहा, साखर, मीठ, पीठ, डाळ, धुण्याची पावडर आणि अंगाचा साबण या आठ वस्तूंपुरती तरी ठरावीक वजने लागू करावीत. ८७० ग्रॅम हे माप स्वयंपाकाच्या, तोलण्याच्या किंवा साठवण्याच्या कोणत्या गरजेतून आले हे मला पुष्कळ विचार करूनही सापडले नाही. आणि ज्या वस्तूंना मोकळीक राहील त्यांचे वजन कमी केले तर निदान सहा महिने पाकिटावर ‘आधी इतके ग्रॅम, आता इतके ग्रॅम’ असे दर्शनी बाजूला छापणे बंधनकारक करावे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ दोन महिने सूचना लावावी लागते. आपल्याकडे माल गल्लीतल्या लहान दुकानांतून विकला जातो, त्यामुळे हे ओझे दुकानदारावर न टाकता भरणाऱ्यावर टाकावे लागेल.

महाराष्ट्राच्या नियंत्रकांना एक वेगळी विनंती आहे. नियम दिल्लीत होतात, पण तपासणी आपली यंत्रणा करते. शहरातल्या मोठ्या सुपर बाजारांत फळीच्या कडेला किमतीची पट्टी असतेच, तिच्यावर किलोचा भाव लिहावा असे आवाहन नियम बदलण्याची वाट न पाहता आजही करता येईल. आपल्या निरीक्षकांनी महिन्यातून एक दिवस आठवडी बाजारात काटा आणि फळा घेऊन बसावे, लोकांनी आणलेली पाकिटे तोलून त्यांचा भाव फळ्यावर लिहावा. हे काम करायला आमच्या गटातल्या बायकाही येतील. भागाकार आम्हाला आता चांगला जमतो.

हे लोकांना झेपणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्यांना एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून शेर, मण जाऊन किलो यायला लागला. माझ्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. शेर म्हणजे किलोला सुमारे सदुसष्ट ग्रॅम कमी, हे त्यांना कोणी आकड्यांत सांगितले नसेल, पण दुकानदाराने शेराचा भाव तसाच ठेवून किलो दिला की शेर दिला हे त्या हातातल्या पिशवीच्या वजनावरून ओळखत. शासनाने तेव्हा संपूर्ण देशाचे माप बदलले आणि अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी ते शिकून घेतले, कारण माप सगळीकडे एकच होते. आज आम्ही तेवढेच मागतो आहोत, सगळीकडे एकच माप.

येत्या २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. त्या दिवशी दरवर्षी कार्यक्रम होतात, शाळांतून भाषणे होतात. त्याआधी या पत्राला उत्तर मिळावे, ते नकाराचे असले तरी कारणांसह मिळावे, अशी विनंती आहे, म्हणजे आमच्या डिसेंबरच्या बैठकीत मला ते वाचून दाखवता येईल. सोबत वहीच्या चौदा पानांच्या छायाप्रती आणि तेलाच्या त्या चार पिशव्या धुऊन, वाळवून जोडल्या आहेत. चौथ्या पिशवीवरचा एकक किमतीचा आकडा धुताना पुसला गेला आहे, तो कुठे होता त्या जागी पेनने गोल केला आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
बचत गटाची हिशेबनीस
खणभाग, सांगली